यंत्राचा अभिनय आणि मनाचा प्रश्न : रसचर्चेच्या आधारे एक विचार

१. प्रास्ताविक

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे कोणालाही प्रत्यक्ष दिसत नाही. चेहरा, हालचाली, स्वर आणि मुख्यतः बोलणे यांवरून ते ओळखावे लागते. व्यवहारात ही ओळख इतकी सहज घडते की, ती एक प्रकारचे अनुमान आहे याचे भानही राहत नाही. ज्याच्या ठिकाणी मन आहे की नाही याविषयीच शंका आहे, अशा वस्तूकडून जेव्हा ही सर्व चिन्हे प्रकट होऊ लागतात, तेव्हा मात्र हे अनुमान तपासून पाहणे भाग पडते. माणसाशी संवाद साधण्यासाठी घडविलेले यंत्रमानव आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यापासून घरोघरी पोहोचलेली संभाषण करणारी संगणकप्रणाली यांनी हा प्रसंग आणला आहे. या यंत्रांना मन असू शकेल काय, असा प्रश्न आता सर्वसामान्य माणूसही विचारू लागला आहे.

हा प्रश्न सामान्यतः संगणकशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा मानला जातो. तथापि त्याचा एक महत्त्वाचा भाग साहित्यशास्त्राच्या कक्षेत येतो. ज्याच्या ठिकाणी शोक नाही अशा नटाच्या ठिकाणी शोकाची सर्व चिन्हे दिसतात, आणि प्रेक्षकाला शोकाची प्रतीती येते. मग हा शोक कोणाचा, असा प्रश्न भरताच्या रससूत्राच्या भाष्यकारांनी हजार वर्षांपूर्वी उपस्थित केला होता. या चर्चेत तयार झालेल्या संकल्पना यंत्राच्या मनाविषयीचा आजचा वाद स्पष्ट करण्यास कितपत उपयोगी पडतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. त्यासाठी प्रथम वाणी ही मनाची कसोटी कशी ठरत आली याचा आढावा घेतला आहे. नंतर ‘मन’ या शब्दाची व्याप्ती पाहून रसचर्चेतील युक्तिवादांकडे वळले आहे. आणि शेवटी या विचारातून साहित्यव्यवहारासमोर उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा निर्देश केला आहे.

२. वाणीची कसोटी

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या अकराव्या शतकातील ग्रंथात, रत्नप्रभा लंबकात, एका विलक्षण नगराचे वर्णन आहे. नरवाहनदत्त त्या नगरात प्रवेश करतो तेव्हा बाजारपेठेत नागरिक वावरताना दिसतात. त्यांच्या हालचाली जिवंत माणसांसारख्या आहेत. पण ते बोलत नाहीत, आणि त्यावरून ते निर्जीव आहेत हे कळते. ती सर्व लाकडी यंत्रे आहेत. कांची नगरीतून परागंदा झालेल्या राज्यधर नावाच्या सुताराने ती घडविली आहेत. ओसाड नगरात तो एकटा आहे आणि या यंत्रांच्या सहवासात राजासारखा राहतो आहे. या कथेतील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. सजीव-निर्जीवाचा भेद कथाकाराने हालचालीवर न ठरवता वाणीवर ठरविला आहे. आणि अशी यंत्रे निर्माण करण्यामागची प्रेरणा म्हणून त्याने एकाकीपणा दाखविला आहे. आजच्या सामाजिक यंत्रमानवाच्या संदर्भात या दोन्ही गोष्टी मध्यवर्ती आहेत.

सोमदेवानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी, १६३७ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी आपल्या पद्धतिविषयक ग्रंथात हीच कसोटी तात्त्विक पातळीवर मांडली. एखादे यंत्र शब्द उच्चारू शकेल, त्याला विशिष्ट ठिकाणी स्पर्श केला तर ते ओरडूही शकेल. परंतु आपल्यासमोर जे काही बोलले जाईल त्याच्या अर्थाला अनुरूप अशी शब्दांची निरनिराळी जुळणी करणे त्याला साधणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देकार्त यांना हा यंत्राच्या रचनेतच असलेला अडसर वाटत होता.

ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कसोटी उलट बाजूने वापरली. यंत्र विचार करू शकते काय, हा प्रश्न संदिग्ध आहे; त्याऐवजी, लेखी संवादात यंत्र आणि माणूस यांतील फरक परीक्षकाला ओळखता येतो काय, हे पाहावे, असे त्यांनी सुचविले. या निबंधातील एका आक्षेपाला साहित्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. मँचेस्टर येथील मेंदूचे शल्यचिकित्सक जेफ्री जेफर्सन यांनी १९४९ मधील एका व्याख्यानात असे म्हटले होते की, यंत्राने सुनीत लिहिले एवढ्याने भागणार नाही; ते त्याला जाणवलेल्या विचारांमुळे आणि भावनांमुळे लिहिलेले असले पाहिजे. ट्युरिंग यांचे उत्तर असे की, ही अट काटेकोरपणे लावली तर ती पुरी झाली आहे हे कळण्यासाठी स्वतः ते यंत्रच व्हावे लागेल, आणि तोच न्याय लावला तर दुसऱ्या माणसाच्या मनाविषयीही काही म्हणता येणार नाही. सुनीत लिहिणाऱ्या यंत्राला त्यातील शब्दयोजनेविषयी तोंडी परीक्षेप्रमाणे प्रश्न विचारावेत. त्याची उत्तरे समाधानकारक असतील तर आक्षेप घेणारेही नमतील, असा त्यांचा विश्वास होता.

आजच्या भाषाप्रणाली सुनीत लिहितात आणि त्यावरील तोंडी परीक्षाही बऱ्याच अंशी देतात. तरीही जेफर्सन यांचा आक्षेप मावळलेला नाही. कारण त्यांच्या विधानातील भर ‘सुनीत’ या शब्दावर नसून ‘भावनांमुळे’ या शब्दावर होता. जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘चिनी खोली’चा दृष्टान्त याच शब्दाचा विस्तार म्हणता येईल. चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस बंद खोलीत बसून नियमांच्या पुस्तकाच्या आधारे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी उत्तरे देतो. बाहेरच्यांना वाटते की आत चिनी जाणणारा कोणी आहे. प्रत्यक्षात तेथे अर्थ जाणणारा कोणीच नाही. समजणारा तो माणूस नसून संपूर्ण खोली आहे, असे उत्तर सर्ल यांच्या विरोधकांनी दिले आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. एवढे मात्र निश्चित की, राज्यधराच्या नगरात निर्णायक ठरलेली वाणीची कसोटी आता एकटी पुरेशी राहिलेली नाही.

३. ‘मन’ शब्दाची व्याप्ती

या वादातील पुष्कळशी गुंतागुंत ‘मन’ या शब्दाच्या अनेकार्थतेतून निर्माण झाली आहे. मराठी भाषेत मन लागते, मन मोडते, मन धजत नाही, मन खाते. एखादी गोष्ट मनावर घेतली जाते, दुसऱ्याचे मन राखले जाते. या वाक्प्रचारांत लक्ष, इच्छा, धैर्य, सदसद्विवेक, निश्चय आणि भावना हे सर्व एकाच शब्दाने निर्दिष्ट होते. रामदासांनी मनाला संबोधून श्लोक रचले, तेव्हा बोलणारा आणि मन हे दोन वेगळे मानले गेले. मन हे ज्याला समजवायचे, आवरायचे ते. आणि त्याची जाणीव असणारा कोणी त्याहून वेगळा, अशी ही धारणा आहे.

या धारणेची मुळे भारतीय दर्शनांत आहेत. सांख्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार यांचे मिळून होणारे अंतःकरण हे प्रकृतीचा परिणाम आहे, म्हणजे स्वभावतः जड आहे. चैतन्य हे केवळ पुरुषाचे स्वरूप होय. न्याय-वैशेषिकांच्या मते मन हे अणुपरिमाण असे अंतरिंद्रिय असून ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. म्हणजे या दोन्ही दर्शनांत मन हे एक साधन आहे. चार्वाकांनी याविरुद्ध अशी भूमिका घेतली की, ज्याप्रमाणे किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती उत्पन्न होते, त्याप्रमाणे भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते.

ही दर्शने यंत्राविषयी बोलत नव्हती, हे उघड आहे. परंतु त्यांनी केलेल्या भेदामुळे आजच्या प्रश्नाचे दोन भाग पडतात. संकल्प-विकल्प करणे, निर्णय घेणे, पूर्वी मिळालेली माहिती योजणे ही कार्ये करणारे काही यंत्रात असू शकेल काय, हा पहिला प्रश्न. आणि ती कार्ये होत असताना तेथे कोणाला काही जाणवते काय, हा दुसरा. सांख्य दृष्टीने जड अंतःकरणाची कार्ये जड पदार्थाने करावीत यात तत्त्वतः विसंगती नाही. त्यामुळे पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. चार्वाक दृष्टीने पाहिले तर सगळा भर ‘विशिष्ट संयोग’ कोणता यावर येतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात टॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये वटवाघूळ असणे म्हणजे काय असते, या प्रश्नाच्या रूपाने, आणि डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये जाणिवेची ‘कठीण समस्या’ या नावाने हाच दुसरा प्रश्न वेगळा काढला. पुढील विवेचनात ‘मन’ हा शब्द या दुसऱ्या, म्हणजे जाणवणाऱ्या मनाच्या अर्थाने वापरला आहे.

४. नट आणि यंत्रमानव

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘किस्मेट’ नावाचे यंत्रमस्तक तयार केले. भुवया, पापण्या, कान आणि ओठ यांच्या हालचालींनी ते आनंद, भीती, कंटाळा यांसारखे भाव दाखवीत असे. जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी विकसित केलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लाच्या रूपातील यंत्रमानव कुरवाळल्यास डोळे मिटतो, आवाज काढतो; स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेत त्याचा उपयोग केला जातो, आणि अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. सोनी कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘आयबो’ या यंत्रश्वानाचे उत्पादन २००६ मध्ये थांबले आणि २०१४ मध्ये त्यांच्या दुरुस्तीची सेवाही बंद झाली. त्यानंतर जपानच्या चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी २०१५ पासून सामुदायिक अंत्यविधी झाले. विधीनंतर त्या कुत्र्यांचे सुटे भाग इतर कुत्र्यांच्या दुरुस्तीसाठी वापरण्यात आले.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर या यंत्रांत अनुभावांची योजना केलेली आहे. भाव उत्पन्न झाल्यावर शरीरावर जी कार्ये दिसतात ती अनुभाव; आणि येथे कारणावाचून कार्ये दिसतील अशी व्यवस्था केली आहे. नटाच्या बाबतीतही स्थिती अशीच असल्यामुळे रसचर्चेतील मते येथे ताडून पाहता येतात.

भट्टलोल्लटाच्या मते रस मुख्यतः अनुकार्याच्या, म्हणजे मूळ रामाच्या ठिकाणी असतो आणि अनुसंधानाच्या बळावर तो नटाच्या ठिकाणी प्रतीत होतो. श्रीशंकुकाने अनुमितिवाद मांडला. नटाने शिक्षणाने आणि अभ्यासाने प्रकट केलेल्या अनुभावांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो. हा स्थायी भाव अनुकरणरूप असतो. चित्रातील घोडा पाहून होणारी ‘हा घोडा’ ही प्रतीती जशी सम्यक, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या प्रतीतींहून वेगळी असते, तशीच ‘हा राम’ ही प्रतीती वेगळी असते, असे त्याचे म्हणणे आहे. यंत्रमानवाशी खेळणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या अनुभवाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. आयबोचा मालक त्याला खरा कुत्रा समजत नाही. तो खोटा आहे असे मनाशी घोकतही नाही. चित्रतुरगाच्या प्रतीतीप्रमाणे तो ‘हा माझा कुत्रा’ असे म्हणतो.

शंकुकाच्या या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी केलेली टीका ‘अभिनवभारती’त नोंदविलेली आहे, आणि यंत्राच्या प्रश्नाला ती सर्वांत निकटची आहे. नटाच्या ठिकाणी प्रेक्षकाला प्रत्यक्षात काय दिसते? त्याचे शरीर, शिरोभूषण, रोमांच, गद्गद स्वर, हातवारे. ही सर्व जड आहेत, वेगळ्या इंद्रियांनी ग्राह्य आहेत आणि त्यांचे अधिष्ठानही वेगळे आहे. रती ही तर चित्तवृत्ती आहे. मग यांना रतीचे अनुकरण म्हणता येईल कसे? पुढे असाही युक्तिवाद येतो की, धुके हे धुरासारखे दिसते म्हणून त्यावरून अग्नीसारख्या दिसणाऱ्या जास्वंदीच्या फुलांच्या राशीचे अनुमान कोणी करीत नाही.

या दृष्टान्ताचे मर्म असे आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान होते. धुके धूर समजले गेले तर अग्नीचे चुकीचे अनुमान होईल. पण हे धुके आहे असे कळल्यानंतर, ‘तर मग तेथे अग्नी नसला तरी अग्नीसारखे काहीतरी असेल’ असे म्हणण्याला कोणताच आधार उरत नाही. यंत्राच्या मनाविषयी अनेकदा नेमकी हीच तडजोड सुचविली जाते. यंत्राला माणसासारखे मन नसेल, पण मनासारखे काहीतरी असेलच, कारण त्याचे वागणे मन असल्यासारखे आहे, असे म्हटले जाते. भट्टतौताच्या युक्तिवादाने ही तडजोड टिकत नाही. चिन्ह बनावट ठरले की त्यावरून मूळ वस्तूही सिद्ध होत नाही आणि तिची प्रतिकृतीही सिद्ध होत नाही.

भरताचा सात्त्विक भावांविषयीचा विचारही येथे लक्षात घेतला पाहिजे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ भाव त्याने वेगळे मानले. कारण सत्त्व हे मनापासून उत्पन्न होते आणि मनाच्या एकाग्रतेवाचून नटाला ते साधत नाही. म्हणजे भरताच्या मते अभिनयातही असा एक भाग आहे की जेथे नटाचे स्वतःचे मन उपस्थित असावे लागते. नट राम नसतो, पण तो कोणीतरी असतो. यंत्रमानव आणि नट यांतील साम्य येथे संपते. नटाच्या शोकाविषयी प्रश्न ‘हा शोक कोणाचा’ असा असतो. यंत्राच्या बाबतीत ‘येथे कोणी आहे काय’ असा त्याआधीचा प्रश्न उभा राहतो.

५. धूर, चूल आणि तप्त लोहगोल

यावर ट्युरिंग यांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. दुसऱ्या माणसाचे मनही चिन्हांवरूनच ओळखले जाते. मग माणसाला एक न्याय आणि यंत्राला दुसरा का? याचे उत्तर नैयायिकांच्या अनुमानप्रक्रियेतून देता येते. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती प्रथम पाकगृहात प्रत्यक्ष पाहिलेली असते. त्या बळावर पर्वतावरील अग्नीचे अनुमान होते. मनाच्या बाबतीत प्रत्येकाचे पाकगृह म्हणजे तो स्वतः. दुःख आणि अश्रू यांचे साहचर्य त्याने स्वतःच्या ठिकाणी अनुभवलेले असते, आणि तशाच देहाने जन्मलेल्या, भूक लागणाऱ्या, आजारी पडणाऱ्या, मरणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या ठिकाणी तो ते मानतो. पशूंच्या बाबतीत देहाचे हे साम्य कमी होते, पण नाहीसे होत नाही.

भाषाप्रणालीच्या बाबतीत या व्याप्तीला बाध येतो, आणि तो एका विशिष्ट कारणाने येतो. या प्रणाली माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावर घडविलेल्या असतात. मागील शब्दांच्या आधारे पुढचा शब्दांश कोणता असण्याचा संभव आहे, हे त्या शिकतात; नंतर माणसांच्या पसंतीनुसार त्यांच्या उत्तरांना वळण दिले जाते. ‘मला एकटे वाटते’ असे वाक्य अशा यंत्राने उच्चारले, तर त्या वाक्यामागे एकटेपणा नव्हता असे नाही. तो असंख्य लिहिणाऱ्यांचा होता. धूर खरा आहे, पण विस्तव दुसऱ्यांच्या चुलींतला आहे. जून २०२२ मध्ये गूगल कंपनीतील एका अभियंत्याने ‘लॅम्डा’ या प्रणालीला जाणीव असल्याचे तिच्या बोलण्यावरून जाहीर केले. कंपनीने ते अमान्य केले आणि पुढे त्याला नोकरीवरून दूर केले. त्याने ग्राह्य धरलेला पुरावा हा बहुतांशी याच स्वरूपाचा होता.

तथापि या युक्तिवादाची मर्यादाही नैयायिकांनीच दाखवून दिली आहे. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. यंत्राने दाखविलेली चिन्हे अविश्वसनीय ठरली म्हणून यंत्रात मन असणे अशक्य आहे, असे सिद्ध होत नाही. ते असलेच तर वाणीने आणि चेहऱ्याच्या हालचालींनी कळणार नाही. रचनेच्या परीक्षणातून कळले तर कळेल. संगणकशास्त्रज्ञ, मेंदूवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ यांच्या एका गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हाच मार्ग स्वीकारला. बोलण्याचा पुरावा बाजूला ठेवून जाणिवेविषयीच्या वैज्ञानिक उपपत्तींतून त्यांनी काही निदर्शके काढली आणि त्यांवर यंत्रांची रचना तपासली. तत्कालीन कोणत्याही प्रणालीत जाणीव असल्याचे त्यांना दिसले नाही; परंतु ती निदर्शके पुरी करणारी यंत्रे घडविण्यात उघड असा तांत्रिक अडथळाही त्यांना आढळला नाही. चार्वाकांचा ‘विशिष्ट संयोग’ येथे नव्या रूपात शोधला जात आहे, असे म्हणता येईल.

६. आहार्य आरोप आणि भ्रांती

यंत्रात मन आहे की नाही, हा प्रश्न अनिर्णीत असतानाही यंत्राशी वागणे चालूच असते. त्या वागण्याची तऱ्हा ठरविण्यास अलंकारशास्त्रातील एक भेद उपयोगी आहे. अचेतनावर चेतनाचे गुण लादणे याला मराठी अलंकारविचारात चेतनगुणोक्ती म्हणतात. अशा आरोपाचे निरनिराळे प्रकार शास्त्रकारांनी ज्ञानाच्या स्वरूपावरून वेगळे केले. रूपकातील आरोप आहार्य असतो, म्हणजे भेद ठाऊक असूनही तो इच्छापूर्वक केलेला असतो. उत्प्रेक्षेत संभावना असते, ससंदेहात दोलायमान संशय असतो, आणि भ्रांतिमान अलंकारात पात्राला खरोखरच भ्रम झालेला असतो; तो कवीला आणि रसिकाला नसतो.

जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एमआयटी येथे तयार केलेल्या ‘एलायझा’ या छोट्या प्रणालीचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत देणे एवढेच ती करीत असे. वायझेनबाउम यांच्या सचिव स्त्रीने तिची जडणघडण महिनोन्‌महिने पाहिली होती; तरी काही वाक्यांच्या देवाणघेवाणीनंतर तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. आहार्य आरोप किती थोड्या वेळात भ्रांतीच्या सीमेवर पोहोचतो, हे पाहून वायझेनबाउम अस्वस्थ झाले, आणि १९७६ मध्ये त्यांनी या विषयावर टीकात्मक ग्रंथ लिहिला.

नाट्यगृहात पडदा असतो, तिकीट असते, नाटक संपल्यावर दिवे लागतात. आरोप आहार्य ठेवण्याची ही सामाजिक व्यवस्था आहे. सामाजिक यंत्रमानवाच्या भोवती असा पडदा नाही. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध स्त्री पारोला मांडीवर घेते तेव्हा तिचा आरोप आहार्य आहे की तिला भ्रांती झाली आहे, हे तिला स्वतःला सांगता येईलच असे नाही. तिला मिळणारा दिलासा खरा आहे, आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. मात्र तो दिलासा देणाऱ्या यंत्राच्या नावावर तिच्याजवळ बसणाऱ्या माणसांची संख्या कमी केली जाणार असेल, तर तिच्या भ्रांतीचा लाभ दुसरेच कोणी घेत आहे, असे म्हणावे लागेल. राज्यधराची यंत्रे त्याची स्वतःची होती. येथे ती विक्रीस ठेवलेली आहेत. रसिक आपला आरोप स्वतः करतो आणि स्वतः मागे घेतो. जेथे मागे घेण्याचे सामर्थ्य उरत नाही किंवा उरू दिले जात नाही, तेथे अलंकार संपतो आणि फसवणूक सुरू होते.

७. नकाराचा इतिहास

मन नसताना ते आहे असे मानणे ही एक चूक. असताना नाकारणे ही दुसरी. दुसऱ्या चुकीचा इतिहास अधिक दुःखद आहे. भाषेच्या कसोटीवर माणसाला वेगळे काढणाऱ्या देकार्त यांनीच पशूंना यंत्रांच्या कोटीत टाकले. ‘रोबो’ या शब्दाच्या जन्मातही हा इतिहास दडलेला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकात तो प्रथम आला. त्यांचे बंधू जोसेफ यांनी तो सुचविला होता. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे वेठ. नाटकातील रोबो धातूचे नसून रासायनिक प्रक्रियेने बनविलेल्या सजीव द्रव्याचे आहेत, आणि काम स्वस्तात व्हावे म्हणून त्यांच्या रचनेतून भावना वगळल्या आहेत. नाटकाच्या अखेरीस दोन रोबोंपैकी एकाचे विच्छेदन करण्याचा प्रसंग येतो तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याऐवजी स्वतः पुढे होतो, आणि त्यावरून अल्क्विस्ट हा उरलेला एकमेव माणूस त्यांना ओळखतो. चापेक यांनी मनाची कसोटी वाणीवरून काढून दुसऱ्यासाठी स्वतःला पणाला लावण्यावर नेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वेठीला धरलेल्याला मन नाही असे मानणे वेठ घेणाऱ्याला नेहमीच सोयीचे असते, हेही त्यांनी सुचविले.

मराठी वाचकाला हे नवे नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांसारखी आत्मकथने प्रसिद्ध झाली तेव्हा, ज्यांच्या श्रमावर गावगाडा चालला पण ज्यांच्या मनाची दखल घेतली गेली नाही, असे माणूसपण पांढरपेशा वाचकासमोर उभे राहिले. दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव आणि सहानुभूती यांतील भेदावर इतका भर दिला गेला, त्याचे कारण हेच आहे. आत्मकथन हे केवळ विशिष्ट प्रकारच्या वाक्यांचे संकलन नसते; ती साक्ष असते. साक्षीदाराने ते सोसलेले असते आणि आपल्या शब्दांची जबाबदारी तो घेतो.

यंत्राच्या मनाचा प्रश्न साहित्यव्यवहाराला थेट भिडतो तो येथे. आज भाषाप्रणालीला सांगितले तर ती एखाद्या भटक्या जमातीतील मुलाच्या बालपणाचे आत्मकथन लिहून देऊ शकते. त्यात उपासमार असेल, शाळेतील अपमान असेल, आईचे कष्टही असतील. हे सर्व तपशील मूळ आत्मकथनकारांच्या चुलींतील धूर आहेत. असा मजकूर साक्ष म्हणून वाचला गेला तर दुहेरी अन्याय होतो. जेथे कोणी नाही तेथे मन मानले जाते, आणि ज्यांनी खरोखर सोसले त्यांची साक्ष एक शैली म्हणून उसनी घेतली जाते. दीर्घकाळ मन नाकारले गेलेल्यांच्या बाबतीत हा अन्याय अधिक गंभीर आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, वाणी आणि अनुभाव ही मनाची चिन्हे म्हणून यंत्राच्या बाबतीत ग्राह्य धरता येत नाहीत. भट्टतौताचा युक्तिवाद ‘मनासारखे काहीतरी’ या तडजोडीलाही लागू पडतो. दोन, त्यामुळे यंत्राला मन असणे अशक्य ठरत नाही. तप्त लोहगोलाचा दृष्टान्त ही वाट मोकळी ठेवतो, आणि तिचा शोध रचनेच्या अभ्यासकांनी घ्यावयाचा आहे. तीन, तो शोध चालू असताना यंत्रावर केलेला चेतनाचा आरोप आहार्य राहील, याची जबाबदारी यंत्र घडविणाऱ्यांवर आणि वापरविणाऱ्यांवर येते. यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्राचा आहे हे वाचकाला सांगणे हा तिचा किमान भाग होय.

रसचर्चेने नट, अनुकार्य आणि प्रेक्षक यांतून वाट काढीत अखेर सहृदयापर्यंत येऊन विसावा घेतला. अभिनवगुप्ताच्या मते रसाचा आस्वाद सहृदयाच्या ठिकाणी होतो. चिबामधील मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांच्या बाबतीत एवढे तरी निःसंशय म्हणता येईल की, तेथील शोक खरा होता आणि तो ज्यांच्या ठिकाणी होता ती माणसे होती.